आमची वाटचाल : नांगीच्या टोकावरचा थेंब

आमचा व्यवसाय कापलेल्या नांग्यांवर उभा राहिला. आज हे सांगताना वाईट वाटतं, पण वाटचाल सांगायची तर तिथूनच सांगायला हवी. संशोधनासाठी विंचवाचं विष पुरवायचं ठरवलं तेव्हा आम्हाला एकच पद्धत जमत होती. मेलेल्या विंचवाच्या शेपटीचं टोकाचं फुगीर पेर तोडायचं, वाळवून खलात कुटायचं, पाण्यात कालवून गाळून घ्यायचं. द्रव भरपूर मिळे. पण त्यात विषासोबत स्नायूंची आणि रक्ताचीही प्रथिनं उतरत. ज्याला त्यातून एकच पेप्टाइड, म्हणजे छोटंसं प्रथिन, वेगळं काढायचं आहे, त्याच्या हाती आम्ही गढूळ पाणी देत होतो. शिवाय जनावर गेलं ते गेलंच.

मग आम्ही जिवंत विंचवांकडे वळलो. लहानशा नळीच्या तोंडावर पॅराफिनचा पातळ पडदा ताणायचा, लांब चिमट्याने शेपूट धरायची आणि नांगी पडद्यावर टेकवायची. विंचू स्वतःच डंख मारतो आणि विष नळीत उतरतं. असं विष स्वच्छ असतं, पण किती सोडायचं ते विंचू ठरवतो. तो विष फार जपून वापरतो, कित्येकदा कोराच डंख मारतो. पाण्यासारखा नितळ थेंब मिळाला की आम्ही खूश व्हायचो. नितळ म्हणजे शुद्ध, अशी आमची समजूत होती.

ती समजूत एका प्रयोगशाळेने मोडली. आमचा माल परत आला, सोबत निरोप होता : यात क्षार खूप आहेत, विषारी प्रथिनं नावालाच. चूक आमचीच होती. ‘पॅराब्युथस ट्रान्सव्हालिकस’ या आफ्रिकी विंचवावरचं संशोधन २००३ मध्येच प्रसिद्ध झालेलं होतं, आम्ही ते वाचलं नव्हतं. हा विंचू आधी जो पारदर्शक थेंब सोडतो त्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर आणि प्रथिनं कमी असतात. डिवचणं चालूच राहिलं तर मागून दुधासारखं दाट विष येतं. पहिल्या थेंबाला पूर्वविष म्हणता येईल. त्या दिवसापासून आम्ही दोन नळ्या ठेवतो. नितळ थेंब एकीत, दुधाळ दुसरीत, आणि चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलेलं.

आता मुख्य भर विजेच्या पद्धतीवर आहे. नांगीत विषाच्या दोन ग्रंथी असतात, त्यांच्याभोवती स्नायूंचं वेष्टण. विजेचा हलका झटका बसला की स्नायू आवळतात आणि टोकाजवळच्या दोन सूक्ष्म छिद्रांतून थेंब बाहेर येतो. तो काचेच्या केशनळीत ओढून घ्यायचा. विंचवाचं कवच कोरडं, वीज नीट जात नाही, म्हणून तारा टेकवायच्या जागी मिठाचं पाणी लावावं लागतं. सुरुवातीला हे न कळल्याने आम्ही व्होल्टेजच वाढवत गेलो आणि काही विंचू दगावले. ते मला अजून आठवतात. किती व्होल्ट लावता, असं नवे लोक विचारतात. जात, आकार, तारांची जागा, ओलावा, सगळ्यावर ते अवलंबून असतं. आम्ही सगळ्यात कमीपासून सुरू करतो, झटके क्षणभराचे ठेवतो आणि थेंब दिसला की थांबतो.

२०१७ मध्ये मोरोक्कोतल्या ‘हसन दुसरे’ विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘व्हीईएस-४’ नावाचं यंत्र जगापुढे आणलं. ते शेपूट पकडतं, झटका देतं, थेंब गोळा करतं, आणि माणूस दुरून चालवतो. आमच्याकडे ते नाही. पण जातीनुसार झटक्याची वेगळी मांडणी साठवून ठेवण्याची त्यातली कल्पना आम्ही उचलली. आमची मांडणी वहीत असते, एवढंच.

घाई मात्र कुठल्याच यंत्राने भागत नाही. ग्रंथी काही दिवसांत पुन्हा भरलेली दिसते, पण प्रथिनं मागाहून भरत राहतात. लवकर काढलेलं विष दिसायला तेच, गुणाने पातळ. आम्ही तीन आठवडे थांबतो. पाठीवर पिल्लांचं बिऱ्हाड असलेल्या मादीला तर हातच लावत नाही. पिल्लं पहिली कात टाकून खाली उतरली की मगच तिचा डबा पुन्हा रांगेत येतो. प्रत्येकाचा डबा स्वतंत्र, कारण एकत्र ठेवले तर ते एकमेकांना खातात.

पुढचं काम शांत आहे. विष ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चिकट भाग तळाशी बसवायचा, वरचा स्वच्छ द्रव गोठवून सुकवायचा आणि पूड उणे २० अंशांवर ठेवायची. एका विंचवाकडून एका वेळी बहुतेकदा एक मिलिग्रॅमही पूड निघत नाही. एवढ्याशा पुडीतही खूप काही असतं. क्लोरोटॉक्सिन हे ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड विंचवाच्या विषातच सापडलं, आणि मेंदूतल्या गाठीच्या पेशींना ते चिकटतं म्हणून गाठ उजळवून दाखवणारे रंग त्यावरून घडवले गेले.

अलीकडे मागण्या लहान होत चालल्या आहेत, कारण नवी उपकरणं थोडक्या विषावर चालतात. परवा एका संशोधिकेने चाळीस नळ्या मागवल्या. प्रत्येक नळीत एकाच विंचवाचं विष हवं, एकमेकांत मिसळलेलं अजिबात नको. प्रत्येक नळीवर विंचवाचा क्रमांक, नर की मादी आणि मागच्या वेळी विष कधी काढलं ती तारीख, एवढं तिने मागितलं होतं. तिन्ही गोष्टी वहीत होत्या.