थोडीशी गाय

"दिसतो बायसन, पण आत थोडीशी गाय आहे," टेक्सासच्या रँचवरचा म्हातारा आज इतकं सहज बोलून गेला की मी फोटो काढायचाच थांबलो.

१८८० च्या दशकात शिकारीने बायसन, म्हणजे अमेरिकेतले केसाळ, गव्यासारखे रानटी प्राणी, जवळपास संपवले, तेव्हा इथल्याच चार्ल्स गुडनाइट नावाच्या रँचमालकाने वासरं वाचवली आणि वर गायींशी क्रॉसही करून बघितला, थंडीत टिकणारं जनावर हवं होतं ना! पहिल्या पिढीतले नर निर्बीज निघायचे, धंदा काही जमला नाही. रक्त मात्र राहिलं. २०२२ च्या जनुकीय अभ्यासात यलोस्टोनच्या कळपातही गायीचा अंश सापडला म्हणे.

म्हाताऱ्याला त्याचं काही नाही. "डोक्याने बर्फ उकरून गवत खातोय ना, मग झालं."

मला मात्र राहवत नाहीये, कळपातून हाकलायला किती टक्के गाय पुरे, आणि हे ठरवणार कोण?