ग्लूटेनमुक्त किराणा: बेळगावच्या पेठेतून खानापूरच्या स्वयंपाकघरापर्यंत

माझ्या मुलीला सीलिअॅक हा आजार असल्याचे निदान झाल्यापासून आमच्या खानापूरच्या घरात किराणा आणणे हे सर्वांत जबाबदारीचे काम झाले आहे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे अशा रुग्णाच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, आणि आयुष्यभर ग्लूटेन टाळणे हाच त्यावरचा उपचार आहे. ज्यांना अजून केवळ शंका आहे, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि मगच गहू बंद करावा, कारण गहू सोडल्यानंतर केलेल्या तपासणीत आजार दिसून न येण्याची शक्यता असते.

आपल्या भागात या आहाराचा पाया घरातच आहे. विजापूरकडून येणारा मालदांडी जोंधळा, खानापूरच्या डोंगराळ भागातली नाचणी, बेळगाव बासमतीचा सुवासिक तांदूळ, तूर आणि मूग यांपैकी कशातही मुळात ग्लूटेन नसते. अडचण सुरू होते ती गिरणीत. गव्हाचे दळण झाल्यावर त्याच जात्यावर जोंधळा टाकला, तर जात्यात आणि पेटीत उरलेले गव्हाचे पीठ आपल्या डब्यात येते, आणि सीलिअॅकच्या रुग्णाला तेवढेही बाधते. म्हणून शक्य असेल त्यांनी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही दळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सुट्या बेसनाबाबतही हाच विचार करावा, कारण पुष्कळ दुकानांत मैदा आणि बेसन एकाच मापाने काढले जाते.

रविवार पेठेत घाऊक माल घेताना किंवा शहरातील मोठ्या दुकानांत पाकिटे निवडताना पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांवर न थांबता मागची घटकांची यादी वाचावी. एक किलो पदार्थात ग्लूटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तरच त्यावर ‘ग्लूटेन फ्री’ असे छापता येते, असा आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणीची बिस्किटे, ज्वारीच्या शेवया, बाजरीचे नूडल्स असे कितीतरी पदार्थ दुकानांत दिसू लागले. परंतु त्यांतील अनेकांत गव्हाचे पीठ किंवा मैदा असतोच, कधी कधी नाचणीपेक्षाही अधिक. ‘मल्टिग्रेन’ पिठातही बहुधा मुख्य धान्य गहूच असते. इडलीचा रवा तांदळाचा असतो, पण रवा इडलीच्या तयार पाकिटात गव्हाचा रवा असतो. आणि हिंगाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. डबीतला नेहमीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंकाबरोबर पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि तोच हिंग सांबार मसाल्यात, लोणच्यात, पापडात आणि फरसाणात जातो. तांदळाचे पीठ घालून केलेला हिंगही मिळतो. दुकानदाराला सांगून तोच मागवावा.

गोठवलेल्या पदार्थांत निवड थोडी आहे. मटार, मक्याचे दाणे आणि साधे पनीर निर्धास्तपणे घेता येते. बटाट्याच्या कापांवर कुरकुरीतपणासाठी पिठाचा थर दिलेला नाही ना, हे पाहावे लागते. पराठे, मोमो, समोसे, ब्रेडचा चुरा लावलेली कटलेट आणि चिकन नगेट्स यांचा विचारच सोडावा. तांदूळ, उडीद आणि मेथी एवढेच घटक असलेले थंड डोशाचे पीठ मात्र प्रवासाहून आल्यावर फार उपयोगी पडते. बेळगावहून खानापूरपर्यंत माल आणायचा तर जाड थर्मल पिशवी हवी, आणि आत बर्फाचा जाड थर साचलेले किंवा दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले पाकीट घेऊ नये. ते मध्येच वितळून पुन्हा गोठलेले असण्याचा संभव असतो. तयार जेवण म्हणून खरा भरवसा मी घरच्या फ्रीजरवरच ठेवते. मसूर आमटी, चवळीची उसळ आणि पुलाव लहान डब्यांत गोठवून ठेवले, की परीक्षेच्या दिवसांतही मुलीच्या ताटात ऐन वेळी काय वाढायचे हा प्रश्न उरत नाही.

त्याच्या जोडीला आपल्याकडची कडक भाकरी आहे. जोंधळ्याची ही पातळ, वाळवलेली भाकरी कोरडी ठेवली तर बरेच दिवस टिकते आणि घरगुती खानावळींतही विकत मिळते. घेताना एवढेच विचारावे, की त्याच परातीत आणि त्याच तव्यावर चपात्या होतात का, आणि थापताना लावलेले पीठ कोणते होते. गोडात दूध-साखरेचा कुंदा बहुधा चालतो, मांडे मात्र गव्हाचेच असतात.

दुकानदारांना माझी एक विनंती आहे: तांदळाचे पीठ, बेसन आणि नाचणीचे पीठ यांची मापे मैद्याच्या पोत्यापासून वेगळी ठेवावीत, आणि गिऱ्हाईक हिंगाच्या डबीवरील बारीक अक्षरे वाचत उभे राहिले, तर त्याला थोडा वेळ द्यावा.