न जाणाऱ्या माणसाची पोहोचण्याची तारीख

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला सरांनी युरोपातल्या एका विद्यापीठाबरोबर ऑनलाइन संयुक्त प्रकल्प लावून दिला. आम्ही तिघं, तिकडचे तिघं, 12 आठवडे आणि एक छोटा गिअरबॉक्स. ओळखी झाल्या, कामं वाटून घेतली, दोन दिवसांत मोकळे. सांगायचंय ते लॉगिनबद्दल.

डिझाइनच्या मूळ फाइली त्यांच्या सर्व्हरवर. तिथे शिरायला पाहुणा विद्यार्थी म्हणून नोंदणी हवी. अर्जात सक्तीचा रकाना होता, पोहोचण्याची तारीख. त्याखाली, व्हिसाची प्रत जोडा. अहो, मी खुर्चीतून उठणारसुद्धा नाहीये! रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडेना. शेवटी प्रकल्प सुरू व्हायची तारीख टाकली, व्हिसाच्या जागी सरांचं पत्र चिकटवलं. पाच दिवसांनी उत्तर आलं, कागदपत्रं अपूर्ण. आयटी विभागाला मेल केला, तर ते म्हणाले आंतरराष्ट्रीय कक्षाला विचारा. कक्ष म्हणाला, तुम्ही एक्स्चेंजचे विद्यार्थी नाही, लॉगिनचं आयटी बघतं. दोघंही इतकं गोड लिहायचे की भांडायचीही सोय नाही. तिसऱ्या मेलला तर उलट मलाच विचारलं, राहायची व्यवस्था झाली का?

असे 23 दिवस गेले. तोवर गटातली तिकडची मुलगी बिचारी रोज स्टेप फाइल, म्हणजे वेगवेगळ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी त्रिमितीय फाइल, मेलने पाठवायची. स्टेपमध्ये भागाचा आकार येतो, पण तो कुठल्या क्रमाने घडवला ते येत नाही. त्यामुळे एका भोकाचा व्यास बदलायचा तरी आम्ही लिहून कळवायचं, तिने मूळ फाइलीत बदलायचं आणि पुन्हा पाठवायचं. ‘फायनल 7’ नावाची फाइल फायनल नव्हती, हे सांगायला नकोच.

सुटलं कसं, तर तिकडच्या मॅडमनी आम्हाला ‘बाह्य सहकारी’ म्हणून नोंदवलं. त्या अर्जात पोहोचण्याचा रकानाच नाही. 40 मिनिटांत लॉगिन हातात! आनंद झाला, पण त्याहून जास्त चिडचिड झाली. तेव्हा स्वतः अर्ज भरत बसू नका. तुम्हाला कोणत्या वर्गात नोंदवणार, हे पलीकडच्या शिक्षकांनाच विचारा, आणि प्रकल्प सुरू व्हायच्या महिनाभर आधी विचारा.

हो, मोजमापांचा तक्ता पाठवतानाही जपा. तिकडे दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात. आमचं 2.5 मिलिमीटर त्यांच्या एक्सेलने 2 मे करून टाकलं. बेअरिंगच्या रकान्यात मे महिना बघून सगळे हसले, मग दुपारभर आकडे पुन्हा भरत बसलो.

मार्चचंही लक्षात ठेवा. शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात. त्या सोमवारी आम्ही आमच्या नेहमीच्या वेळेला हजर, आणि त्यांची बैठक संपत आलेली. नंतर वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे ऋतूप्रमाणे न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, लिहायला लागलो.

अजून एक, हे लॉगिन प्रकल्पाच्या शेवटच्या तारखेला बंद होतं आणि फाइलीही तिथेच अडकतात. आधी उतरवून घ्या. मी दोनदा उतरवल्या. पुन्हा तो अर्ज भरायची माझी तयारी नव्हती.