केळीसारखं झाड, पण केळी कोणी खात नाही

इथिओपियात हवासाला कॉलेजात शिकवायला होतो तेव्हा आईचा फोनवर प्रश्न ठरलेला, आज काय जेवला. शिरोचं तिला लगेच पटलं, हरभऱ्याच्या पिठाचं तिखट कालवण, आपल्या पिठल्यासारखंच, आणि बुधवार-शुक्रवारी तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन उपास करतात त्यात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, म्हणजे आपल्यासारख्याची चैनच. पण कोचोचं सांगितलं तर म्हणे, "बापा, खोड खाता तुमी? ते तं ढोराले टाकतात!"

खोडच आहे ते. झाडाचं नाव एनसेट, दिसायला केळच, पण फळ कोणी खात नाही. खालचा कंद आणि वरचं जाड खोड, बाया बसून बांबूच्या पट्टीनं खरवडतात, गर पिळतात, मग खड्ड्यात पानं अंथरून त्यात दाबून आंबायला ठेवतात, कधी कधी कित्येक महिने. पिळलेल्या पाण्याच्या तळाशी पांढरं सत्त्व बसतं ते बुला, त्याची लापशी करतात. आंबलेल्या गराची जाड भाकर भाजली की झाला कोचो. वास चांगलाच आंबूस, चावायला चिवट, पण गरम गरम आणि सोबत गोमेनची पालेभाजी असली की मला फार आवडायचा.

बाबांनी मात्र चवीचं विचारलंच नाही. कापूस-सोयाबीनात आयुष्य गेलेला माणूस, त्यांचा प्रश्न, "पाणी किती लागते त्याले? काढाले कवा येते?"

खरी गोष्ट तीच आहे ना. एनसेट तयार व्हायला चार-पाच वर्षं तरी लागतात, पण काढायची तारीख नसते, परसात उभंच असतं, पाऊस दगा देईल त्या वर्षी एक झाड तोडायचं. दोन कोटीच्या आसपास लोकांचं पोट यावर आहे. वाखाच्या दोऱ्या होतात, पानं गुरांना. हे सगळं ऐकून बाबा म्हणाले, "मंग कर्जाले कोनाच्या दारी जा लागत नसन." आमच्या यवतमाळकडं घरापुरती ज्वारी पेरणारेसुद्धा आता थोडेच उरलेत, सगळं विकायचं आणि खायचं विकत आणायचं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग रोपं कशी करतात तेही त्यांनी विचारलं. कंदाचा मधला कोंब काढून टाकतात आणि शेणखत घालून पुरतात, एका कंदातून ढीगभर रोपं येतात. आपल्याकडं मात्र जमणार नाही हो, त्याला उंचावरची थंड हवा लागते आणि आपला मे महिना पंचेचाळीसचा.