मावा दिसला म्हणून लगेच पंप काढू नका

पोळ्याच्या आगेमागे पावसानं आठ-दहा दिवस दडी मारली आणि वर नुसतं ढगाळ राहिलं, की पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेंड्याची पानं मुरडायला लागतात. उलटून पाहिलं तर मावा, म्हणजे पानाचा रस ओढणारी बारीक कीड, हात लावला तर चिकट. दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रावर गर्दी, तिसऱ्या दिवशी फवारा. हा तिसऱ्या दिवसाचा फवाराच बहुतेक वेळा नडतो. तो का नडतो हे समजायला एक पान नीट पाहिलं तरी पुरे.

सकाळी ऊन चढायच्या आत वावरात जा. पान तोडू नका, देठाला धरून अलगद उलटं करा. झटका बसला की तुडतुडे (रस ओढणारी दुसरी कीड) तिरपे पळतात आणि मोजणी चुकते. पानाच्या मागे, मधल्या शिरेवर, तिळाएवढा एक खळगा दिसेल. त्यात कधीकधी गोड रसाचा थेंब असतो. पऱ्हाटीला अजून पाती (फुलांच्या कळ्या) लागलेली नसली तरी हा रस सुरू असतो. तो प्यायला मुंग्या येतात आणि किडींच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही येतात. म्हणजे राखणदारांच्या पोटापाण्याची थोडीफार सोय झाडानं स्वतःच केलेली असते.

मावा पानाचा रस ओढतो. त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं कमी, म्हणून त्याला खूप रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागून बाहेर पडते. तोच चिकटा. चिकट्यावर काळी बुरशी चढते, पानाला ऊन मिळत नाही. बोंडं फुटल्यावर चिकटा पडला तर कापूसही खराब होतो. या चिकट्यासाठीच मुंगळे झाडावर चढतात. मुंगळे पीक खात नाहीत, पण माव्याची राखण करतात. मावा खाणाऱ्या ढालकिड्याची अळी जवळ आली की तिला चावून हाकलतात. म्हणून मोजणी करताना मुंगळ्यांनी भरलेल्या एकट्या झाडावरून अख्ख्या वावराचा अंदाज बांधू नका.

आता मित्रकीटक, म्हणजे पिकावरच्या किडी खाणारे किडे. लाल-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा किंवा ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो. मार खाते ती त्याची अळी. काळपट, लांबट, सहा पायांची, अंगावर पिवळे-नारिंगी डाग, पाहिली तर बारकी मगरच वाटावी. ती पान खात नाही, मावा खाते. मोठी झाली की दिवसाला 40-50 सहज. दरवर्षी कोणीतरी या अळीलाच नवी कीड समजून तिच्यावर औषध मारतं. तिची अंडी पिवळी, उभी, एकाला एक चिकटून पुंजक्यात असतात.

क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकीटकाचं अंडं त्याहून मजेशीर. केसासारख्या पांढऱ्या दांडीच्या टोकावर एकेक अंडं टांगलेलं. कारण आधी निघालेली अळी इतकी खादाड असते की शेजारी अंडं सापडलं तर भावंडालाही सोडत नाही. माव्यातच काही मावे फुगलेले, तपकिरी, कडक दिसतात आणि काहींच्या पाठीला गोल भोक असतं. ते मेलेले आहेत. आतून गांधीलमाशी निघून गेली. असे मावे दिसले म्हणजे तुमच्या वावरात फुकटचं काम सुरू झालं आहे.

गोची वेळेची आहे. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं टाकते आणि आठवडाभरात ती पिल्लंही विणारी होतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला अडीच-तीन आठवडे लागतात. त्यामुळे मावा नेहमी पुढे आणि ढालकिडा मागे. मधले दहा-बारा दिवस वावर बिघडल्यासारखं दिसतं. नेमका त्याच दिवसांत फवारा बसतो, अळ्या मरतात, आणि पानाच्या खालच्या बाजूला वाचलेल्या माव्याला रान मोकळं मिळतं. तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा.

म्हणून आधी मोजा. एकरात वेड्यावाकड्या वाटेनं फिरत 20 झाडं घ्या, धुऱ्यालगतची (बांधालगतची) सोडा. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं अशी 3 पानं. सरासरी पानामागे 10 मावे किंवा 2-3 तुडतुडे भरले तर नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. सोबत ढालकिडे, अळ्या, क्रायसोपा, कोळी हेही मोजा. दोन किडींमागे एक मित्र सापडत असेल तर थांबायला हरकत नाही. तुडतुड्यांच्या बाबतीत मात्र ढालकिड्याच्या भरवशावर बसू नका, तो मुख्यतः माव्याचा गडी आहे. तिथं वाणाची लव कामी येते. पानावर दाट लव असेल तर तुडतुडा कमी, पण पांढरी माशी जास्त. दोन्हीकडून सुटका देणारं पान नाही.

थांबवत नसेलच तर पहिला फवारा 5 टक्के निंबोळी अर्काचा घ्या. 5 किलो निंबोळी पावडर 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कपड्यातून गाळा, 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबण विरघळवून त्यात घाला आणि एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी संपवा, संध्याकाळी मारा. मोनोक्रोटोफॉससारखं औषध सुरुवातीला मारलं की पीक हिरवंगार, लुसलुशीत दिसतं आणि शेतकरी खूश होतो. त्याच कोवळ्या फुटीवर तुडतुडा तुटून पडतो. युरियाचा हात सैल सोडला तरी हेच होतं.

धुऱ्याकडून चवळीच्या दोन ओळी लावल्या तर त्यावर काळा मावा येईल, घाबरू नका. तो चवळीचा, पऱ्हाटीवरचा मावा वेगळा. ढालकिड्यांची पहिली फौज या काळ्या माव्यावर पोसते आणि तिथून पिकात उतरते. त्याच धुऱ्यावरचं गाजरगवत मात्र काढा, पिठ्या ढेकूण ही रस ओढणारी पांढरी कीड त्यावर मुक्काम करते. 2006-07 च्या सुमारास या ढेकणानं कापूस उत्पादकांची झोप उडवली होती. पुढे एनासियस नावाची बारीक गांधीलमाशी त्याच्यावर सापडली. पांढऱ्या कापसासारख्या ढेकणांत लालसर-तपकिरी कडक पिंपं दिसली तर ती फांदी जाळू नका, माशी आत आहे.

हे सगळं गुलाबी बोंडअळीपाशी थकतं. अंड्यातून निघालेली अळी लवकरच पात्यात किंवा बोंडात शिरते. मग ढालकिडाही तिचं काही करू शकत नाही आणि फवाराही. तिला गाठायचं तर अंड्यातच. ट्रायकोकार्डवर तांदळाच्या पतंगाची अंडी असतात, त्यांत ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीच्या अंड्यातच अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी, वाढते. एकरी 60,000 अंडी बसतील इतक्या कार्डाच्या पट्ट्या संध्याकाळी पानाच्या खालून टाचा, उन्हात नाही. आधी-नंतर आठवडाभर रासायनिक फवारा नको, नाहीतर कार्डाचे पैसे पाण्यात. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग 3 रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले, किंवा डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) वाढू लागल्या, तर मित्रकीटकांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे लांबवू नका, हे दरवर्षी सांगून झालं. शेवटच्या वेचणीनंतर वावरात मेंढरं किंवा शेळ्या बसवा. झाडावर राहिलेली हिरवी बोंडं त्या अळीसकट खातात, वर लेंडीखत. त्याआधी फवारा झालेला असेल तर डब्यावरचा कालावधी उलटल्याशिवाय जनावर आत सोडू नका. आणि चुलीसाठी पऱ्हाट्यांचा ढीग घराशी रचायचाच असेल, तर त्यावरची किडकी बोंडं आधी झोडून जाळा. सुस्तावलेली अळी त्यातच बसलेली असते.