डेंग्यूचा नमुना: नळीआधी फॉर्म

नमुना टेबलावर आला की मी आधी फॉर्म उघडतो, नळी नंतर. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला हा रकाना कोरा असेल तर पुढच्या चार तासांच्या कामाला अर्थ लावता येत नाही. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ एलायझा (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधणारी). तिसऱ्या दिवशी लावलेला आयजीएम निगेटिव्ह आला म्हणून डेंग्यू नाही असं ठरत नाही. अँटिबॉडी तेव्हा अनेकदा तयारच झालेल्या नसतात.

रक्त साध्या नळीत, ३ ते ५ मिली. अर्धा तास गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजवर फिरवून सीरम (गोठलेल्या रक्तावरचा पिवळसर द्रव) वेगळं काढायचं. अख्खी नळी फ्रीझरमध्ये टाकणारे अजूनही भेटतात. पेशी फुटून सीरम लालभडक होतं आणि रुग्णाला पुन्हा सुई. आइसपॅक लावून २ ते ८ अंशांत पाठवलं की झालं.

पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) आयजीएम किटवर सीरम शंभरपट पातळ करून वेलमध्ये (प्लेटवरच्या छोट्या खळग्यात) ५० मायक्रोलिटर घालतो, ३७ अंशांवर एक तास. पुढे अँटिजेन (डेंग्यू विषाणूचं प्रथिन) एक तास, त्याला चिकटणारी, बायोटिन लावलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी एक तास, बायोटिनला चिकटणारं एव्हिडिन-एचआरपी हे एन्झाइम अर्धा तास. दर वेळी मध्ये पाच वॉश. मग सब्स्ट्रेट (एन्झाइममुळे रंग धरणारं द्रावण) १०० मायक्रोलिटर, अंधारात १० मिनिटं, स्टॉप सोल्यूशन, आणि ४५० नॅनोमीटरवर रीडिंग. घोटाळा बहुतेक वेळा वॉशमध्येच होतो. प्लेट उलटी करून टिश्यूवर नीट आपटली नाही, तळाशी थेंब राहिला, की निगेटिव्ह कंट्रोलही (डेंग्यू नसलेला तुलनेचा नमुना) रंग धरतो. अशी प्लेट बाद. ‘बाकीचे वेल तर ठीक दिसतायत’ म्हणून अहवाल सोडायचा नसतो.

पॉझिटिव्ह आला तरी जपून. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहतो, म्हणजे सप्टेंबरच्या तापात जुलैचा डेंग्यू दिसू शकतो. शिवाय झिका आणि जपानी मेंदूज्वर डेंग्यूच्याच कुळातले, त्यामुळे अँटिबॉडींची गल्लत होते. चिकुनगुनियाचं कूळ वेगळं, तिथे हा त्रास नाही. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडला. तेव्हापासून अंगावर पुरळ आणि लाल डोळे असतील, विशेषतः बाई गरोदर असेल, तर रक्तासोबत लघवीचा नमुनाही आरटी-पीसीआरसाठी (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) मागवावा. लघवीत झिका रक्तापेक्षा जास्त दिवस सापडतो.