दोष खुंट्यांचा नव्हताच

जवळजवळ वर्षभर माझ्या स्ट्रॅटचा (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, इलेक्ट्रिक गिटार) बार, म्हणजे दाबला की सगळ्या तारांचा सूर खाली जातो तो दांडा, केसच्या खिशात पडून होता. कारण काय, तर एकदा बार दाबला की जी (G) तार बेसूर झालीच समजा, मग बी (B), मग दोन गाण्यांच्या मधे मी खुंट्या पिळत बसलोय आणि ड्रमर छताकडे बघतोय. सगळे म्हणतात खुंट्या स्वस्तातल्या असतील, मलाही पटलं, लॉकिंग खुंट्या (तार घट्ट पकडून धरणाऱ्या) मागवल्या, अर्धा दिवस घालवून बसवल्या आणि फरक पडला शून्य. तारा बदलायला सोप्या झाल्या तेवढंच.

मग एकदा चिडून ट्युनर लावला आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे तार बिघडते हे बघण्याऐवजी कुठल्या बाजूला बिघडते ते बघितलं. बार खाली दाबला, सोडला, जी वाजवली. तार चढलेली! उतरलेली नाही, चढलेली. खुंटी सरकत असती तर उतरली असती ना? इथे माझ्या डोक्यात दिवा पेटला (उशिरा, पण पेटला).

होतं काय, की बार दाबला की वाजणारी तार सैल पडते पण नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) पलीकडे, म्हणजे नट आणि खुंटीच्या मधे जो तुकडा असतो तो अजून ताणलेला असतो, म्हणून तो थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडला की ती तार परत यायला हवी. पण नटच्या खाचेत ती अडकली तर येत नाही, आणि वाजणाऱ्या भागाला तार कमी पडली की सूर चढतो. बेंड केल्यावर (बोटाने तार बाजूला ओढून सूर चढवल्यावर) बरोबर उलटं, तार पलीकडून ओढली जाते, परत जात नाही, सूर उतरतो. म्हणूनच बरेच जण मोठा बेंड मारला की बारला हळूच एक टिचकी देतात, तार जागेवर येते. मला वाटायचं स्टाइल मारतायत.

आणि अडकत का होती? कारण मीच. मधे मी तारांचा ९ चा सेट सोडून १० चा लावला होता (आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), टोन जाड हवा म्हणून. जी तार १६ ची १७ झाली, जाड तारा तर त्याहून फुगल्या, आणि खाच मात्र जुनीच. ट्यून करताना नटपाशी बारीक ‘टिक’ असा आवाज यायचा आणि सूर एकदम उडी मारायचा, तो मी महिनोन्महिने ऐकून सोडून दिला. तो आवाज म्हणजेच अडकलेली तार सुटतेय.

तात्पुरता इलाज फुकट आहे. तार बाजूला करा, खाचेत पेन्सिल घासा, शिसं म्हणजे ग्रॅफाइट, चांगलं वंगण. वरच्या दोन तारा ज्या छोट्या क्लिपखालून जातात तिथेही लावा, ती क्लिप सगळे विसरतात. माझं अर्धं दुखणं तेवढ्यानेच गेलं. उरलेल्या अर्ध्यासाठी खाच रुंद करावी लागली आणि ते मी स्वतः केलं नाही, करूही नये, कारण त्याच्या कानशी वेगळ्या मापाच्या असतात आणि चुकून खोल घासली की नटच बदलायचा. गिटारवादक जेफ बेक बार इतका वापरायचा तरी सुरात कसा राहायचा याचं एक कारण म्हणजे त्याच्या स्ट्रॅटला रोलरचा नट होता, तार घासतच नाही, घरंगळते.

एक मात्र आहे, एखादीच तार बिघडत असेल तर नट बघा, पण सहाच्या सहा एकाच बाजूला जात असतील तर ब्रिज (तारांचं दुसरं टोक ज्यावर असतं आणि बारने जो हलतो तो) जागेवर परत येत नाहीये. सहा स्क्रूवाला जुना ब्रिज असेल तर स्क्रू फार आवळलेले आहेत का ते आधी बघा. आणि तारा नव्या असतील तर काहीच बघू नका, आधी त्या हाताने नीट ओढून घ्या, परत ट्यून करा, परत ओढा, उतरायच्या थांबेपर्यंत. साध्या खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे, सात-आठ वेढे म्हणजे ते आवळत बसणार आणि तुम्ही पिळत.

आता स्प्रिंगा. तरंगता ब्रिज म्हणजे रस्सीखेच, एका बाजूला तारा, मागे स्प्रिंगा. ९ च्या सेटची ओढ सगळी मिळून साधारण ३८ किलो, १० च्या सेटची ४६. म्हणजे मी समोरच्या बाजूला आठ किलो वाढवले आणि मागे हात लावला नाही, मग ब्रिज पुढे झुकणारच की. मागचं झाकण काढून स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तिचे दोन स्क्रू पाव-पाव फेरा आवळायचे, मग परत ट्यून, मग परत बघायचं. ब्रिजच्या प्लेटच्या मागच्या कडेखाली साधारण ३ मिलिमीटर फट राहिली की बास. हे करताना घाई नको, कारण एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, मग त्या चढवा की पहिली उतरते, तीन-चार फेऱ्या होतातच. वैताग आहे पण दरवेळी फरक कमी होत जातो. तारा बदलताना म्हणूनच एकेक बदलायची, नाहीतर ब्रिजखाली काहीतरी अडकवून ठेवायचं, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी फ्लॉइड रोज नावाच्या तारा आवळून धरणाऱ्या ब्रिजखाली बऱ्याचदा बसते.

फ्लॉइड रोजवाल्यांना नटचा त्रास नाही, तिथे तारा नटलाच आवळून टाकतात आणि मग ब्रिजवरच्या फाइन ट्युनरने सूर जुळवतात, तंबोऱ्याचे मणी सरकवतात तसंच. फक्त आवळायच्या आधी फाइन ट्युनर मधोमध आणून ठेवा, आवळताना तारा थोड्या चढतात. ज्यांना बार नकोच त्यांनी गिटारवादक एरिक क्लॅप्टनसारखी लाकडाची पाचर मारून ब्रिज बंद करून टाकावा, त्यात कमीपणा काही नाही.

(जाता जाता, या बारला सगळे ट्रेमोलो म्हणतात, ते म्हणणंच चूक आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज कमीजास्त होणं, बारने बदलतो तो सूर, म्हणजे व्हायब्राटो. १९५४ च्या स्ट्रॅटपासून लिओ फेंडरने हे नाव चिकटवलं आणि त्याच्याच अँपवर व्हायब्राटो लिहिलेलं असतं तिथे आवाज कमीजास्त होतो. पूर्ण उलटं.)

आता बार केसमधून बाहेर आलाय, दाबतो, सोडतो, जी जागेवर. एका गोष्टीला मात्र उपाय नाही. गाण्याच्या मधे तार तुटली की स्प्रिंगा जिंकतात, उरलेल्या पाचही चढतात आणि तिथे ना पेन्सिल कामाची ना खुंटी. त्यासाठी मी स्टँडवर दुसरी गिटार ठेवतो, फिक्स ब्रिजवाली.